बोलून बरं वाटतं, पण बरं होतं का? मानसोपचाराच्या पद्धतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करताना लोक जे प्रश्न विचारतात, आणि बरेचदा आत न येता फोनवरच विचारून ठेवून देतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत एक गृहस्थ पुन्हा पुन्हा भेटतील. त्यांना भाऊसाहेब म्हणू. वय ४४, बँकेत नुकतीच शाखाधिकारी म्हणून बढती. मोबाईल वाजला की छातीत धस्स होतं, म्हणून फोन कायम सायलेंटवर, आणि घरी असले की बायकोला 'अंघोळीला गेलेत म्हणून सांग'. अगदी असाच माणूस माझ्याकडे कधी आलेला नाही. अनेकांचे तुकडे जोडून मी तो बेतला आहे.

नुसतं बोलून काय होणार? बोलायला घरात माणसं आहेत की.

आहेत, आणि ती असावीतच. पण घरचं माणूस ऐकता ऐकता स्वतःच त्या गोष्टीत असतं. 'मला ही मॅनेजरकी झेपत नाही' असं भाऊसाहेब म्हणाले की बायकोच्या डोळ्यांसमोर फ्लॅटचा हप्ता उभा राहतो. 'असं काय बोलता, सगळे करतातच ना,' असं ती घाबरून म्हणते आणि विषय मिटतो. तिचं काही चुकलं नाही. थेरपिस्टला त्या हप्त्याशी देणंघेणं नसतं, हा त्याचा पहिला उपयोग. दुसरा उपयोग असा की बोलणं कुठे न्यायचं, कुठे थांबवायचं आणि आठवडाभरात घरी काय करून बघायचं, याचा काहीएक आराखडा त्याच्यापाशी असतो. पद्धती वेगळ्या होतात त्या या आराखड्यात.

'बोलून उपचार' हे नाव डॉक्टरांनी दिलेलं नाही, पेशंटने दिलेलं आहे. १८८० ते १८८२ या काळात व्हिएन्नात जोसेफ ब्रॉयर नावाचे डॉक्टर एका तरुण मुलीवर उपचार करत होते. कागदोपत्री तिचं नाव अ‍ॅना ओ. मनात साठलेलं बोलून टाकलं की तिला तेवढ्यापुरता आराम पडायचा. गंभीरपणे ती त्याला 'बोलून उपचार' म्हणे आणि गमतीत 'धुराडं झाडणं'. ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये तिची हकिगत छापली. पुढे ज्यांनी फ्रॉइडला खोडून काढलं, तेही दोन माणसं आणि एक बंद दार याच मांडणीत बसून खोडत राहिले.

सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, कौन्सेलर: जायचं कोणाकडे?

सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. ते गोळ्या देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, चाचण्या आणि थेरपी करतात, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला अजिबात लाजू नका. समुपदेशकांचं शिक्षण एमएपासून शनिवार-रविवारच्या कोर्सपर्यंत काहीही असू शकतं, त्यामुळे तिथे तर विचाराच. उत्तम समुपदेशक मी पाहिले आहेत आणि भिंतभर प्रमाणपत्रं लावून भविष्य सांगितल्यासारखं बोलणारेही पाहिले आहेत.

झोप पूर्ण उडाली आहे, जेवण सुटलं आहे, कोणी नसताना आवाज ऐकू येतात, किंवा माणूस दोन-दोन दिवस न झोपता भलत्याच उत्साहात आहे, असं असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर पद्धतींची ही चर्चा बाजूला ठेवा, त्या माणसाला एकटं सोडू नका आणि जवळचं हॉस्पिटल गाठा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

इतक्या पद्धती कशाला? मन तर एकच आहे.

मन एकच, पण गाठ कुठे बसली आहे याबद्दल प्रत्येक पद्धतीचा अंदाज वेगळा आहे. तो ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे भाऊसाहेबांना पहिल्या-दुसऱ्या भेटीत काय विचारलं जाईल ते बघायचं.

फ्रॉइडपासून चालत आलेल्या मनोविश्लेषणाच्या घराण्यातला थेरपिस्ट विचारेल, 'फोन वाजला की पलीकडून कोणाचा आवाज येईल असं वाटतं?' वर्तनोपचार करणारा म्हणेल, 'फोन उचलला नाहीत, तर पुढच्या मिनिटाला कसं वाटतं?' (सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटण्यातच मेख आहे: त्यानेच टाळायची सवय पक्की होते.) सीबीटीवाला (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी पद्धत) विचारेल, 'रिंग वाजली त्या क्षणी मनात नेमकं कुठलं वाक्य आलं?' कुटुंबाकडे बघणारा विचारेल, 'तुम्ही फोन उचलत नाही तेव्हा घरात कोण काय करतं?' कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वळणाचा थेरपिस्ट कदाचित काहीच विचारणार नाही. म्हणेल, 'हे सगळं एकट्याने सांभाळताना फार दमलायत तुम्ही.' भाऊसाहेब तिथे रडले तर मला नवल वाटणार नाही.

मनोविश्लेषण म्हणजे कोचावर झोपून स्वप्नं सांगायची का?

अस्सल फ्रॉइडियन मनोविश्लेषणात कोच असतो, आठवड्याला चार-पाच भेटी असतात आणि काम वर्षानुवर्षं चालतं. भारतात हे कलकत्त्यात लवकर रुजलं. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच भारतीय मनोविश्लेषण संस्था तिथे काढली होती आणि त्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी भेटेल ती त्याची धाकटी पाती, सायकोडायनॅमिक थेरपी. यात कोच नाही. समोरासमोर खुर्च्या आणि आठवड्याला एक-दोन भेटी.

गाभा मात्र तोच: जुनी नाती आपण नव्या माणसांवर चढवतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. समजा, भाऊसाहेब तिसऱ्या सेशनला सात मिनिटं उशिरा आले. आल्या आल्या तीनदा माफी मागितली, खुर्चीच्या कडेवर बसले आणि मी रागावले आहे का ते बघत राहिले. मी रागावले नव्हते. मग हा राग कोणाचा? बोलता बोलता हेडमास्तर असलेले वडील निघतात. पाढा चुकला की नुसते चष्म्यावरून बघायचे. रीजनल ऑफिसच्या साहेबांचा फोन, माझी खुर्ची आणि तो चष्मा एकाच रांगेत उभे असतात. याला संक्रमण म्हणतात. हा थेरपिस्ट ते टाळत नाही, त्यालाच धरून काम करतो.

कोणाला चालते? ज्यांचं दुखणं एका लक्षणात मावत नाही त्यांना. दर नोकरीत तेच भांडण, दर नात्यात तोच शेवट, अशांना. दोन महिन्यांत परीक्षेची भीती घालवायची आहे, त्या मुलाला मी इकडे पाठवणार नाही.

वर्तनोपचार: भीती वाटते त्याच गोष्टीसमोर उभं करणार? हा तर छळ झाला.

एकदम ढकललं तर छळच. पायरीपायरीने, तुमच्या संमतीने केलं तर मानसोपचारातल्या सर्वांत भरवशाच्या उपायांपैकी एक. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची भीती अशीच घालवली होती. पोरगं आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी तो सशाला कुरवाळायला लागला.

आपल्याकडे याचा सर्वांत मोठा उपयोग मंत्रचळात होतो, म्हणजे ज्याला आता सगळे ओसीडी म्हणतात त्यात. एक नेहमीचं चित्र सांगते. रात्री साडेदहाला बाई गॅसचा रेग्युलेटर बंद करतात. खोलीपर्यंत जातात, परत येतात, बघतात. पुन्हा जातात. आठव्या-दहाव्या फेरीनंतर नवऱ्याला हाक: 'अहो, तुम्ही बघा ना एकदा.' नवरा बघतो, 'बंद आहे' म्हणतो. पाच मिनिटं शांतता, मग शंका: त्यांनी नीट बघितलं असेल का? बाराला घर झोपतं. नवऱ्याला वाटतं, आपण मदत करतोय.

उपाय असा. कागदावर यादी करायची: कुठली गोष्ट न तपासता सोडली तर किती घाबरायला होईल, शून्य ते शंभर. बाथरूमचा नळ ३०, कपाटाचं कुलूप ५०, गॅस ९०. सुरुवात नळापासून. नळ एकदा बंद करायचा आणि परत वळायचं नाही. जीव वरखाली होतो, हात शिवशिवतात. तो वरखाली होऊ द्यायचा. बहुतेकांना पहिल्यांदाच कळतं की आपण काहीही न करता ती लाट आपोआप ओसरते. काही वेळा ती त्या दिवशी ओसरत नाहीही, पण ती अंगावर घेऊनही झोप लागते, हेही कळलं तरी काम झालं. नवऱ्याला वेगळा गृहपाठ: 'बंद आहे' म्हणायचं नाही. 'तुला आत्ता त्रास होतोय हे दिसतंय' एवढंच म्हणायचं. नवऱ्याचा गृहपाठ बाईंच्या गृहपाठापेक्षा अवघड असतो, हे माझं प्रामाणिक मत.

विधी रोखून भीतीला सामोरं जाण्याची ही रीत व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडली. तोवर मंत्रचळावर बोलून फारसा उपयोग होत नाही असाच समज होता. आजही कोणी मंत्रचळाला महिनोन्महिने फक्त 'बालपणाबद्दल बोलू या' म्हणत असेल, तर दुसरं मत घ्या.

सीबीटी म्हणजे सकारात्मक विचार करायचा, हेच ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरला आहे की कधीकधी वाटतं दारावर पाटी लावावी.

अ‍ॅरन बेक हे अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ, मुळात मनोविश्लेषणात तयार झालेले. नैराश्य म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, हे फ्रॉइडचं म्हणणं सिद्ध करायला त्यांनी पेशंटांची स्वप्नं तपासली. राग सापडेना. सापडलं ते नुकसान, हरणं, आपण कुचकामी असल्याची भावना. शिवाय पेशंट जे बोलत होते त्याच्या मागे झरझर दुसरे विचार धावत होते, ज्यांकडे कोणी बघितलंच नव्हतं. साठच्या दशकात त्यातून त्यांनी उपचार बांधला. म्हणजे एका पद्धतीचा जन्म दुसरीला पुरावा शोधता शोधता झाला.

भाऊसाहेबांच्या वहीतलं एक पान असं दिसेल. 'मंगळवार, ११.१०. रीजनल ऑफिसचा फोन. मनात आलं: आता साहेब माझी काढणार. खात्री ९० टक्के. भीती ८५. केलं काय: उचलला नाही. साडेबाराला परत लावला. साहेबांनी कर्जमेळाव्याची तारीख विचारली.' खाली माझा प्रश्न: गेल्या महिन्यातल्या २० फोनपैकी साहेबांनी किती वेळा काढली? मोजल्यावर निघाले दोन. शून्य नाही, हे महत्त्वाचं. सकारात्मक विचार म्हणाला असता 'सगळं छान होईल.' सीबीटी म्हणते, दोनदा काढली, त्या दोनदा पुढे काय झालं ते लिहा. आणि या आठवड्यात दोन फोन तिसऱ्या रिंगच्या आत उचलून बघा. विचार तपासणं हा अर्धा भाग. उरलेला अर्धा वर्तनोपचारातून आला आहे, म्हणून तर नावात 'वर्तन' आहे.

साधारण १२ ते २० भेटी, ठरलेला अजेंडा, गृहपाठ. गृहपाठ न करणाऱ्यांना ही पद्धत शाळेसारखी वाटते. खरं सांगायचं तर ती थोडी शाळेसारखी आहेच.

आरईबीटी आणि सीबीटी एकच का?

सख्ख्या बहिणी म्हणा, त्यात आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी, मराठीत विवेकनिष्ठ उपचारपद्धती) थोरली आणि फटकळ. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये ती मांडली. मुळाशी ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचं म्हणणं: माणसं घटनांनी अस्वस्थ होत नाहीत, घटनांकडे बघण्याच्या दृष्टीने होतात. एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला भयंकर लाजत. १९ व्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जाऊन, बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी बसून बोलायचं, असा नेम केला. शंभरेक जणींशी बोलणं झालं, भेटायला एक तयार झाली आणि तीही आली नाही. लाज मात्र गेली. ही गोष्ट ते स्वतः रंगवून सांगत. आज कोणी हा प्रयोग जसाच्या तसा करू नये, बागेत पोलिस येतील.

महाराष्ट्रात ही पद्धत आणण्याचं मोठं श्रेय कि. मो. फडके यांना. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता आणि 'विवेकनिष्ठ' हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला तो याच वाटेने. मराठीत ही थेरपी करताना एक सोय आहे जी इंग्रजीत नाही. एलिस ज्या हट्टाग्रहाला सगळ्या दुःखाचं मूळ मानत, तो आपल्याकडे एका अक्षरात सापडतो: 'च'. 'मला जमायला हवं' आणि 'मला जमायलाच हवं'. 'त्यांनी असं बोलायला नको होतं' आणि 'त्यांनी असं बोलायलाच नको होतं'. पेशंटला मी सांगते, आठवडाभर फक्त आपल्या वाक्यातले 'च' मोजा. लोक हसत हसत येतात आणि मोजून दमलेले असतात.

बेक आणि एलिस यांच्यातला फरक स्वभावाचाही आहे. 'साहेब रागावतील' यावर बेकचा माणूस पुरावा मागेल. एलिस थेट म्हणेल, रागावले समजू. मग? आभाळ कोसळणार आहे?

मॅडम नुसत्या ऐकतात, सल्लाच देत नाहीत. पैसे फुकट जातायत का?

बहुधा तुम्ही कार्ल रॉजर्सच्या परंपरेतल्या थेरपिस्टकडे जाता. त्यांचं म्हणणं, समोरच्या माणसात वाढायची ताकद असतेच, तिला वाव मिळत नाही एवढंच. १९५७ मध्ये त्यांनी तीन गोष्टींवर बोट ठेवलं: थेरपिस्टने मुखवटा न घालता वागणं, माणसाला बिनशर्त स्वीकारणं आणि त्याचं जग त्याच्या डोळ्यांनी बघणं. 'पेशंट' ऐवजी 'क्लायंट' हा शब्द रुळवण्यातही त्यांचा वाटा मोठा. बँकेसारखा वाटला तरी त्यामागचा हेतू बरोबरीचा होता.

तरीही तुमची तक्रार खोटी नाही. आपल्याकडे 'तुम्हीच काय ते सांगा' म्हणून येणारे पुष्कळ. जसवंत सिंग नेकी या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी तर १९७३ मध्ये गुरू-चेला नात्याचा नमुना मांडला होता: आपला माणूस मार्गदर्शन मागतो, ते पूर्ण नाकारून कसं चालेल? मला ते पटतं, निम्मं. सल्ला मागणाऱ्या मुलीला 'लग्न कर' किंवा 'करू नको' सांगणारे आजूबाजूला डझनभर असतात. तिला तेरावा नको असतो.

रॉजर्सच्या अगदी उलट टोकाचा नमुना म्हणजे फ्रिट्झ पर्ल्स यांची गेस्टाल्ट थेरपी. आत्ता, या खोलीत काय चाललंय? हाताची मूठ का वळली? समोर रिकामी खुर्ची ठेवून तिच्यावर वडील बसले आहेत असं समजून बोला. भाऊसाहेबांना पहिल्यांदा हा प्रकार नाटकी वाटेल. मग कधीतरी त्या खुर्चीकडे बघून आवाज बदलतो.

१९६५ मध्ये अमेरिकेत एक शैक्षणिक चित्रफीत निघाली. तिच्यात एकच स्त्री पाठोपाठ रॉजर्स, पर्ल्स आणि एलिस यांच्यासमोर बसते. रॉजर्स मायेने ऐकतात, पर्ल्स तिला 'ढोंगी' म्हणून चिडवतात, एलिस जवळजवळ व्याख्यान देतात. शेवटी, आत्ता कोणाचा उपयोग होईल असं विचारल्यावर तिने चिडवणाऱ्या पर्ल्सचं नाव घेतलं. मानसशास्त्राचे विद्यार्थी आजही यावर वाद घालतात.

माइंडफुलनेस, एसीटी, डीबीटी ही नवी नावं काय आहेत? आपल्याकडे विपश्यना होतीच की.

होती, आणि या पद्धतींनी बौद्ध ध्यानाकडून घेतलं हे त्या लपवत नाहीत. माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे चाललंय ते बरंवाईट न ठरवता बघणं. फरक मात्र आहे. इगतपुरीचं दहा दिवसांचं शिबिर हा साधनेचा मार्ग आहे, उपचार नव्हे. गंभीर मनोविकार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये असं तेच सांगतात. तो सल्ला पाळा.

एसीटी (अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी) ही मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांची. त्यांना स्वतःला पॅनिकचे, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचे, झटके येत. विचार खरा की खोटा याचा वाद घालत बसण्यापेक्षा तो नुसता विचार आहे हे बघायचं आणि आपल्याला जे मोलाचं वाटतं त्या दिशेने पाऊल टाकायचं, भीतीला सोबत घेऊन. भाऊसाहेबांना शेतकऱ्यांची कर्जप्रकरणं मार्गी लावण्यात खरा रस आहे. मग धस्स होत असताना फोन उचलायचा, धस्स थांबायची वाट बघायची नाही.

डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) मार्शा लिनेहान यांनी वारंवार स्वतःला इजा करणाऱ्या, भावनांच्या वादळात सापडणाऱ्या लोकांसाठी उभी केली. भेटी, कौशल्यांचा वर्ग, अडचणीच्या क्षणी फोनवर आधार, असा पूर्ण संच साधारण वर्षभर चालतो. २०११ मध्ये लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितलं की किशोरवयात त्या स्वतः अशाच अवस्थेत मनोरुग्णालयात होत्या. आपल्याकडे पूर्ण संच देणारी ठिकाणं कमी. 'आम्ही डीबीटी करतो' म्हणणाऱ्याला वर्ग कधी भरतो ते विचारा.

डोळे हलवून आघात बरा होतो म्हणे?

ईएमडीआर. १९८० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सिन शपिरो यांनी काढली. भीषण आठवण मनात धरून थेरपिस्टच्या बोटामागे डोळे फिरवायचे. ऐकायला जादूटोणा वाटतो, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर तणावासाठी ज्या उपचारांची शिफारस केली त्यात ही आहे, आघातावर बेतलेल्या सीबीटीच्या शेजारी. डोळे हलवण्याने नेमकं काय होतं यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

घरच्यांना आणावं लागेल का?

सक्ती नाही. पण कुटुंबोपचारात पेशंट एक माणूस नसतोच, घराची घडी असते. भाऊसाहेबांचे फोन बायको घेते, त्यामुळे सासूशी तिचं वाजतं, त्यामुळे भाऊसाहेब आणखी आक्रसतात. कोणाचं चुकतं हा प्रश्न तिथे निरर्थक होतो. घरच्यांना सोबत घेणं आपल्याकडे नवं नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना पेशंटसोबत राहायला जागा दिली होती.

घरात मारहाण होत असेल तर मात्र दोघांना एकत्र बसवणारी थेरपी नको. आत खरं बोललेल्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते.

मग सगळ्यांत चांगली कोणती?

हा वाद जुना आहे. १९३६ मध्येच सॉल रोझेनझ्वाइग यांनी एका बालकथेतल्या डोडो पक्ष्याचा दाखला दिला होता: सगळेच जिंकले, सगळ्यांना बक्षीस. १९५२ मध्ये हान्स आयसेंक यांनी उलटा बॉम्ब टाकला की उपचार न घेणारेही तितकेच बरे होतात. १९७७ मध्ये स्मिथ आणि ग्लास यांनी पावणेचारशे अभ्यास एकत्र करून दाखवलं की उपचाराने फरक पडतो, पद्धतींमध्ये मात्र फार अंतर नाही.

मी याचा अर्थ असा लावते. नैराश्यासारख्या दुखण्यात चांगल्या पद्धतींमधला फरक थोडा आणि तुमचं-थेरपिस्टचं जुळणं जास्त महत्त्वाचं. जुळणं म्हणजे गोड बोलणं नव्हे, कुठे पोचायचं आणि त्यासाठी काय करायचं यावर दोघांचं एकमत. पण मंत्रचळ, फोबिया, पॅनिक आणि आघात यांत पद्धत बघूनच माणूस निवडा. तिथे सामोरं जाण्याचा भाग नसलेली थेरपी म्हणजे पोहायला शिकण्यासाठी काठावर बसून गप्पा.

उपचार महागडाच असला पाहिजे असंही नाही. गोव्यात संगथ या संस्थेने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांसोबत दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रयोग केला. नैराश्याच्या पेशंटांना प्रशिक्षण दिलेल्या साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी दिल्या. पद्धत वर्तनाला चालना देण्याची: मन लागेपर्यंत थांबू नका, आधी हातपाय हलवा. २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के आजारातून बाहेर होते, नेहमीची देखभाल मिळालेल्यांत ३९.

गोळ्या घेतल्या तर थेरपी कशाला? आणि थेरपी घेतली तर गोळ्या बंद?

दोन्हींचं भांडण नाही. तीव्र नैराश्यात माणसाला खुर्चीत बसून दोन वाक्यं जोडता येत नाहीत, तिथे गोळी आधी जमीन तयार करते. गोळी बंद करायची तर ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांशी बोलून. व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी वाचून एका रात्रीत थांबवू नका.

थेरपी मराठीत मिळते का?

मिळते, आणि शक्य असेल तर आपल्याच भाषेत घ्या. शिकलेली तरुण मुलं येऊन 'मला अँग्झायटी आहे' म्हणतात आणि थांबतात. मी विचारते, आईला कसं सांगाल? मग येतं: पोटात गोळा येतो, जीव टांगणीला लागतो, डोक्यात किडा वळवळतो. या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींवर काम वेगळं होतं. इंग्रजी शब्दाने त्यांना एकाच डब्यात कोंबलं होतं.

परदेशी असलेल्यांनी एक बघावं: अमेरिकेत थेरपिस्टचा परवाना राज्यागणिक असतो. पुण्याहून ऑनलाइन मराठीत बोलणं सोयीचं, पण आणीबाणी आली तर तिथे जवळ कोण, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्या.

मी सांगितलेलं घरी कळेल का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने गुप्ततेचा हक्क दिला आहे. अपवाद आहेत, मुख्य म्हणजे तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर. सासूबाई फोन करून 'काय म्हणत होती ती?' विचारतात तेव्हा थेरपिस्टचं उत्तर 'ते मला सांगता येणार नाही' एवढंच असतं. याच कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यायला सांगितलं आहे. पण तुमच्या पॉलिसीत अ‍ॅडमिट न होता घेतलेली थेरपी बसते का, ते वाचून बघा. बरेचदा बसत नाही.

चार सेशन झाली, उलट जास्त त्रास होतोय. सोडू?

आधी तिथेच सांगा. जखम उघडल्यावर थोडे दिवस ठणकते, हे शक्य आहे. सांगितल्यावर थेरपिस्ट चिडला, तुम्हालाच दोष दिला, स्वतःच्याच गोष्टी सांगत बसला, क्लिनिकबाहेर भेटायला बोलावलं किंवा गळ्यात गंडा-ताईत बांधायला निघाला, तर सोडाच. आणि काहीही वाईट नसताना नुसतं जुळत नसेल, तरी बदलायला हरकत नाही. आम्हाला वाईट वाटतं, पण त्याची काळजी तुम्ही करायची नाही.

पहिल्या भेटीला काय विचारू, काय घेऊन येऊ?

विचारा: तुम्ही कुठल्या पद्धतीने काम करता, माझ्या तक्रारीसाठी तीच का, फरक पडतोय हे आपल्याला कधी आणि कशावरून कळेल. उत्तर साध्या मराठीत मिळालं पाहिजे.

आणताना आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणा. 'ती पांढरी, छोटी, अर्धी करून घेतो ती' एवढ्यावरून आम्हाला काहीच कळत नाही. आणि फोन सायलेंटवर ठेवा, भाऊसाहेब सोडून.